नवतप्यातली आसमानी भिंत

अस्तराआधी

केवळराम पेंटरनं आजवर बावीस महाल, अकरा जंगलं, सात तुरुंग आणि एक स्वर्ग रंगवला होता. सगळं कापडावर. दिवाळी झाली की झाडीपट्टीत गावोगाव नाटकं उभी राहतात, आणि नाटक उभं राहायचं तर मागं पडदा लागतो. केवळरामच्या तुरुंगाचे गज इतके खरे वाटत की एका गावात नायकाच्या आईचं काम करणारी बाई रडता रडता त्या गजांवर टेकली आणि पडद्यासकट मागं धोतर बदलणाऱ्या राजावर जाऊन पडली. त्या रात्री सगळ्यात मोठी टाळी तुरुंगाला मिळाली.

पण होळी झाली की महाल गुंडाळून माळ्यावर जात आणि केवळराम खाटेवर.

"लोक तुमाले पेंटर म्हणते," त्याची बायको बेबीबाई म्हणायची. "राशन कार्डावर काय लिवलं आहे? मजूर. आन् मजुरी तरी करता का? चार महिने महाल, आठ महिने खाट."

यावर केवळराम कूस बदलायचा. उत्तर म्हणून ते पुरेसं नव्हतं, हे त्यालाही कळायचं.

ब्याऐंशी सालच्या मे महिन्यात साकोलीच्या आनंदराव ओव्हरसियरांचा निरोप आला. आनंदरावांनी नवं घर बांधलं होतं, सिमेंटच्या गिलाव्याचं. बैठकीच्या खोलीतली समोरची भिंत चांगली अठरा फुटी. तिला रंग द्यायचा होता.

"एकच रंग," आनंदराव म्हणाले. "आसमानी. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. फूल नको, वेल नको, बॉर्डर नको."

"मोर?"

"मोर नको."

"साहेब, इतक्या मोठ्या भिंतीवर काहीच नाही म्हणजे लोक म्हणतील, पेंटर अर्धं काम टाकून पळाला."

"म्हणू द्या."

आनंदरावांचं लहानपण ज्या घरात गेलं त्या घराच्या भिंतीवर सगळं होतं. धूर, खुंट्या, कंदिलाची काजळी, कोंबडीचं टोपलं, तीन वर्षं जुनी दिनदर्शिका. नोकरी लागल्यावर ते एकदा साहेबांची फाइल घेऊन नागपूरच्या एका विश्रामगृहात गेले आणि अर्धा तास उभे राहिले. समोर एक भिंत होती. तिच्यावर काहीही नव्हतं. एवढी मोठी जागा आणि तिच्यावर काही टांगलेलं नाही! ही श्रीमंती त्यांच्या मनात तेव्हापासून बसली होती.

"आणखी एक सांगतो," आनंदराव आवाज खाली आणून म्हणाले. "आमच्या खात्यात पेंटरची एक जागा निघून राहिली. कायमची. पुलाचे कठडे, मैलाचे दगड, बंगल्यांच्या भिंती. मोठे साहेब एक जूनला माह्या घरी जेवाले येतात. भिंत चांगली झाली, तर तुमचं नाव मी त्याच भिंतीसमोर टाकतो."

कायमची जागा. केवळरामनं घरी जाऊन हे बेबीबाईला सांगितलं तेव्हा ती चुलीपुढून उठली, हात पुसले आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्याचे ब्रश स्वतः धुऊन ठेवले.

डब्यावर छापलेलं

*एक. भिंत पूर्णपणे कोरडी असावी.*

नवतपा लागायला दोन दिवस होते. नवतपा म्हणजे मे संपतानाचे ते नऊ दिवस, जेव्हा साकोलीत कावळासुद्धा चालत जातो. भिंत कोरडी होती. विहीरही होती.

*दोन. दमट हवेत काम करू नये.*

दमट हवा साकोलीत श्रावणात येते, आणि श्रावणाला अजून दोन महिने होते.

*तीन. एक हात दिल्यावर चार तास थांबावे.*

याविषयी पुढे येईल.

*चार. लहान मुलांपासून दूर ठेवावे.*

ही एकच सूचना शेवटपर्यंत नीट पाळली गेली.

रंगाच्या डब्यावर हे सगळं इंग्रजीत होतं. आनंदरावांनी वाचून, मराठी करून, पुन्हा एकदा वाचून दाखवलं. छापील कागदाविरुद्ध त्यांनी नोकरीत एकही काम केलेलं नव्हतं, आणि डबा हा त्यांच्या लेखी गोल कागदच होता.

पहिला हात

सोबतीला मंगरू होता. हा नाटक कंपनीत पडदा ओढायचा. पन्नाशीचा, कमी बोलणारा, पण बोलला की नको तेव्हा.

काम सुरू झालं तेव्हा घड्याळात नऊ वाजले होते आणि ऊन बाराचं होतं. खड्ड्यांत लांबीचा लगदा भरून, वर काचकागद मारून भिंत गुळगुळीत केलेली. छापल्याप्रमाणे दमट हवा नको म्हणून खिडक्या उघड्या, पंखा सुरू. केवळरामनं ब्रश बुडवून पहिला पट्टा वरून खाली ओढला. दुसऱ्यासाठी बाल्टीकडे वळून परत पाहिलं, तोवर पहिला वाळून फिका पडला होता. दुसरा पट्टा त्याच्यावर जिथं चढला तिथं गडद रेघ उमटली. तिसऱ्याच्या वेळी ब्रशचेच केस ताठ झाले. चार तास थांबावे म्हणे! इथं चार श्वास थांबायला मिळत नव्हते.

पडद्यावरही असे डाग पडायचे. पण पडद्यावर डाग पडला की त्याचा ढग करता येतो.

बारा वाजता केवळरामनं एका डागाची कड ओल्या बोटानं नुसती गोल केली. डाग लपला. पण एकटा ढग बरा दिसेना, म्हणून शेजारी एक धाकटा काढला. मग दोन ढगांच्या मधली जागा फारच रिकामी वाटू लागली. तिथं पाच बगळे आले. बगळे आले म्हणजे ते कुठंतरी जाणार, म्हणून खाली कोपऱ्यात टेकड्या.

"वा, केवळभाऊ!" मंगरू म्हणाला. "आता राजकन्या तेवढी आणून बसवा."

आनंदराव साडेपाचला कार्यालयातून आले. सायकल लावून आत आले आणि टोपी काढायची विसरले.

"हे काय आहे?"

"आकाश, साहेब."

"मी भिंत सांगतली होती."

"भिंतच आहे, साहेब. मागं."

आनंदरावांची बायको लीलाबाई दारातून म्हणाली, "बगळे चांगले आहेत बाकी."

"पुसा," आनंदराव म्हणाले.

पहिला हात, दुसऱ्यांदा

पुसलं, खरवडलं, पुन्हा कागद मारला. या खेपेला केवळरामनं ठरवलं, बोट वापरायचं नाही. बोटच लबाड आहे. शिवाय वेग वाढवायचा. तो आणि मंगरू दोन टोकांनी सुरू झाले आणि मधोमध भेटले. भेटले तिथं एक काठ तयार झाला, नऊवारी लुगड्याला असतो तसा रुंद, वरपासून खालपर्यंत. बाकीच्या भिंतीवर बारीक काठ वेगळे.

"सोळा काठ," मंगरूनं मोजून सांगितलं.

आनंदराव भिंतीपुढे उभे राहिले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर केवळरामला बरं वाटलं असतं.

"पेंटर," ते म्हणाले, "तुमाले महाल येते, जंगल येते, स्वर्ग येते. अन् काहीच नाही, हे येत नाही?"

केवळराम सायकल ढकलत घरी गेला. चढ कुठंच नव्हता. पण बसवलं नाही.

तहान

पाऊसकाळ यायच्या आधी मातीच्या घराला पांढऱ्या मातीचा हात द्यावा लागतो. बेबीबाई सकाळीच त्या कामाला लागली होती. केवळराम खाटेवर पडून पाहत होता. बावीस वर्षं ती हे काम करत होती आणि बावीस वर्षं तो समोर पडलेला होता, पण पाहिलं आज.

तिनं मातीच्या घमेल्याला हातच लावला नाही. आधी गडव्यातलं पाणी ओंजळीनं भिंतीवर शिंपडलं. थांबली. पुन्हा शिंपडलं. भिंत काळपट झाली, तेव्हा मातीत फडकं बुडवलं.

"पाणी कायले मारून राहिली?"

"तिले तहान लागली आहे म्हणून."

"म्हणजे?"

"तहानलेली भित माती लावल्या लावल्या पिऊन टाकते. मंग चिंध्या चिंध्या दिसते. आधी पाणी पाजाव लागते तिले. बावीस महाल बांधले न् इतकं नाही समजत?"

"ते डिस्टेंपर आहे. नागपूरहून आणलं."

"नागपूरच्या भितीले तहान लागत नाही काय?"

केवळराम उठून बसला.

"आन् हात थांबवाचा नाही," बेबीबाई भिंतीकडेच तोंड करून म्हणाली. "अर्ध्यात चहा प्याले गेली, तर तिथंच जोड येते. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जाव लागते. तुमच्यासारखं बिडी पेटवून पाह्यत बसता येत नाही."

ती हे शिकवत नव्हती, भांडत होती. दोन्हीतला फरक त्यांच्या घरात फारसा नव्हता.

भिंतीचा कूलर

आनंदरावांच्या गल्लीत एकच कूलर होता आणि तो आनंदरावांचा होता. पत्र्याचा, वाळ्याच्या ताट्यांचा, सुरू झाला की तेलघाणीसारखा आवाज करणारा. तो निजायच्या खोलीत असायचा.

"साहेब, कूलर बैठकीत लावाव लागते."

"तुमाले गरम होऊन राहिलं?"

"मले नाही. भिंतीले."

आनंदरावांनी डबा उचलून आणला. "दमट हवेत काम करू नये. स्पष्ट लिहिलं आहे."

"साहेब, लिहिणारा साकोलीले आलता काय कधी? त्याच्याकडं भिंतीले घाम येत असन. आपली तापानं फणफणून राहिली."

आनंदराव बराच वेळ डब्याकडे पाहत राहिले. डबा काही बोलला नाही. छापील मजकुरानं वेळेवर तोंड न उघडण्याची त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ असावी.

"लावा," ते म्हणाले.

खिडक्यांवर ओली गोणपाटं टांगली. पंखा बंद. कूलरचं तोंड भिंतीकडे नाही, उलट्या बाजूला; वारा नको, नुसती ओल हवी. पहाटेपासून लीलाबाईच्या हौदातल्या बाल्ट्या भिंतीच्या सेवेला. आणि घरची सगळी माणसं अंगणात कडुनिंबाखाली, हातात पुठ्ठे घेऊन.

"आमी झाडाखाली," लीलाबाई म्हणाली, "आन् भित कूलरमंधी!"

"पाच दिवस, बाई. बाळंतीण आहे समजा."

"बाळंतिणीले कूलर देते काय? शेगडी देते! देऊ काय आणून?"

पहिला हात, तिसऱ्यांदा, आणि दुसरा

पहाटे साडेचार. भिंतीला पाणी पाजलेलं. मंगरू लाकडी घोडीवर चढून वरच्या अर्ध्यात, केवळराम खाली. एकाच टोकापासून निघायचं, बरोबर चालायचं, ओली कड वाळू द्यायची नाही.

आणि इथं मंगरूचा उपयोग कळला. वीस वर्षं त्यानं पडदे ओढले होते. हिसका द्यायचा नाही, मध्ये थांबायचं नाही, टाळी पडली म्हणून घाई करायची नाही. त्याच लयीत त्याचा ब्रश चालला, आणि त्या लयीच्या मागं केवळरामचा. पाऊण तासात ते दुसऱ्या कोपऱ्यात पोचले. कुणी बोललं नाही. मंगरूसुद्धा.

तिसऱ्या दिवशी पहाटे दुसरा हात.

उजाडल्यावर केवळरामनं गोणपाट बाजूला केलं. उजेड आडवा आला, भिंतीवर पडला आणि अडखळला नाही. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सरळ गेला.

भिंतीवर काहीच नव्हतं.

केवळरामला आधी भीती वाटली. पडदा तयार झाला की तो दोन पावलं मागं जायचा आणि महाल त्याच्याकडे पाहायचा. ही भिंत पाहत नव्हती. मग हळूहळू त्याच्या लक्षात आलं की महालात चुकलेलं झाकायला पन्नास जागा असतात. खांब आहे, वेल आहे, हंस आहे. इथं झाकायला काही नव्हतं, आणि तरी चुकलेलं दिसत नव्हतं. असं काम त्यानं पूर्वी कधी केलं नव्हतं. दुसऱ्यानं केलेलंही पाहिलं नव्हतं.

तो दिवसभर तिथंच बसून राहिला. काम संपलं होतं.

"जा ना आता घरी," लीलाबाई म्हणाली. "आमचा कूलर सोडा."

प्रवेश शेवटचा

*स्थळ: आनंदरावांची बैठक. वेळ: एक जून, दुपारी एक. मागचा पडदा: आसमानी, कोरा. मोठे साहेब पाटावर जेवत आहेत. मूळचे लाखांदूरकडचे, अंगानं भरलेले, हसायला सढळ. आनंदराव शेजारी. लीलाबाई वाढते आहे. केवळराम धुतलेला सदरा घालून दाराशी उभा आहे.*

आनंदराव: हे आमचे पेंटर, साहेब. भिंत यांनी केली.

*(मोठे साहेब भिंतीकडे पाहतात. पाहायला काही नसल्यामुळे पुन्हा ताटाकडे पाहतात.)*

मोठे साहेब: चांगली आहे. नाव काय तुमचं?

केवळराम: केवळराम, साहेब.

मोठे साहेब: केवळ पेंटर? नाटकाचे पडदे करणारे? अरे, आमच्या गावच्या नाटकात तुमचा महाल पाह्यला मी! कारंजं होतं, दोन हंस होते. मी शिट्टी मारली होती, बायको शेजारी बसली असताना!

*(केवळरामचे कान गरम होतात. असं त्याच्याशी कुणी सरकारी माणूस बोललेला नाही.)*

मोठे साहेब: मंग इथं काहून नाही काढला? एवढी मोठी भिंत मोकळी सोडली!

आनंदराव: काढते ना, साहेब. काढणारच होते. उद्या काढते.

*(केवळराम आनंदरावांकडे पाहतो. आनंदराव वरणाच्या वाटीकडे पाहतात.)*

मोठे साहेब: पेंटरच्या जागेचं काय ते मी पाहून घेतो. असा माणूस आपल्या खात्यात पायजेच. हंस मात्र तसेच पायजे. पंधरा तारखेला दौरा आहे, तेव्हा पाहू.

केवळराम: *(स्वतःलाच ऐकू येईल इतक्या हळू)* नाही होत.

*(आनंदराव हात न धुता उठतात, केवळरामला ओढून ओसरीवर नेतात. पुढचं बोलणं कुजबुजत.)*

आनंदराव: अरे बापा, काढ ना एक हंस.

केवळराम: तुमालेच तर नको होतं काही.

आनंदराव: मले आजबी नको आहे.

केवळराम: मलेबी नको. मंग काढाचा कायले?

आनंदराव: साहेबाले पायजे.

केवळराम: साहेब रायते काय इथं?

आनंदराव: जागा जाईन, पेंटर. कायमची जागा. हंस म्हणजे किती, हातभर! सोफ्याच्या मागं लपवून टाकू.

केवळराम: महाल सांगा, साहेब. दुसऱ्या कोणत्याबी भिंतीवर सांगा. सैपाकघरात काढतो, मोरीत काढतो. ही झाली आता.

*(आनंदराव त्याच्याकडे पाहतात. मग आतल्या भिंतीकडे. मग एक मोठा श्वास घेऊन आत जातात आणि नोकरीतलं पहिलं खोटं बोलतात.)*

आनंदराव: साहेब, पेंटर म्हणते, भिंत अजून ओली आहे. दोन-तीन महिने तरी हात लावता येत नाही. डब्यावर तसं छापलं आहे.

मोठे साहेब: हो काय? छापलं आहे? मंग थांबू. घाई नाही. जागेचं तोवर होऊन जाईन.

*(झालं. जागाही राहिली, भिंतही राहिली. केवळरामनं फक्त ओसरीवर गप्प उभं राहायचं आहे. दोन-तीन महिन्यांत कुणाची बदली होते, कुणाला हंस आठवत नाहीत. त्याला हे सगळं कळतं. पण 'ओली आहे' हे शब्द त्याच्या कानात गेले आहेत आणि ते आत जिरत नाहीत. नऊ दिवसांचं काम, आणि ओली? भिंत कधी वाळते ते कळणाऱ्या माणसाच्या नावावर सांगतात, ओली?)*

केवळराम: *(आत येऊन)* वाळली आहे, साहेब.

आनंदराव: पेंटर...

केवळराम: पक्की वाळली. हात लावून पाहा. घासून पाहा.

*(मोठे साहेब डाव्या हाताचं बोट भिंतीवर घासतात. बोट पाहतात. बोटावर काही नाही.)*

मोठे साहेब: खरंच की. मंग अडचण काय?

केवळराम: अडचण नाही, साहेब. पण मी तिच्यावर काही काढत नाही.

*(लीलाबाईच्या हातातला भाताचा चमचा जिथं आहे तिथं राहतो. मोठे साहेब हसायचं की नाही ते ठरवतात. नाही, असं ठरतं.)*

मोठे साहेब: लीलाबाई, बडीशेप आहे काय?

*(पडदा.)*

हात धुतल्यावर

जागा आषाढात भरली गेली. कुणाची वर्णी लागली ते सांगण्यात अर्थ नाही. त्याला हंस येत होते. पंधरा जूनला, साहेबांच्या दौऱ्याच्या दिवशी, आनंदरावांनी आयुष्यात पहिल्यांदा आजारपणाची रजा टाकली आणि घराला कुलूप लावून दिवसभर भावाकडे वरठीला जाऊन बसले. भिंतीवर हंस आला नाही. त्यानंतर रस्त्यात केवळराम दिसला की ते सायकलवरून मान हलवायचे, बोलायचे नाहीत.

बेबीबाईनं आठ दिवस बोलणं बंद ठेवलं. काही सांगायचंच झालं तर मंगरूला वाटेवरून बोलावून घ्यायची. "मंगरूभाऊ, सांगा त्याहिले, भाकर झाकून ठेवली आहे." केवळराम दोन हातांच्या अंतरावर बसलेला असायचा. मंगरू त्याच्याकडे वळून सांगायचा, "भाकर झाकून ठेवली आहे म्हणते," आणि स्वतःही एक खाऊन जायचा.

नवव्या दिवशी ती साकोलीच्या बाजाराला गेली. बाजार दुपारी उठतो. ती आली संध्याकाळी. पिशवीत मिरची होती, कांदे होते. कांदे तिनं टोपलीत ओतले, एक घरंगळला तो उचलून परत टाकला.

"ओव्हरसियरच्या घरी गेल्ती," ती म्हणाली. मंगरू तिथं नव्हता, म्हणजे हे सरळ केवळरामलाच होतं.

त्यानं खाटेवरून पाय खाली सोडले.

"बाईनं चहा देल्ला. चांगली आहे बाई. म्हणे, पाहा किती पाह्याची आहे तितकी." ती मिरच्यांची देठं खुडू लागली. "मी गाल लावून पाह्यली. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. एक डोळा मिटून."

"मंग?"

बेबीबाईनं पाच-सहा मिरच्या खुडल्या.

"दाराच्या मागं," ती म्हणाली, "गुडघ्याइतक्या उंचीवर. बोटभर जागी जोड आहे."

केवळरामला ती जागा माहीत होती. दुसऱ्या हाताच्या वेळी, अगदी शेवटच्या कोपऱ्यात, मंगरू घोडीवर शिंकला होता आणि केवळरामनं वर पाहिलं होतं. पापणी लवेल इतकाच वेळ. हे मंगरूलाही माहीत नव्हतं.

"दार उघडं असलं की दिसत नाही," तो म्हणाला.

"मी लावून पाह्यलं," बेबीबाई म्हणाली.